अख्खा हंगाम एकाच माशामागे लावावा का?

प्रश्न रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका तरुणाचा आहे, थोडक्यात असा: दोन वर्षं रॉड घेऊन गरवतो आहे. तांबोशी, गोबरे, एखादा लहान रावस, शिंगाळे, असं बरंच काही लागलं. जिताडा एकदाच लागला आणि उडी मारून सुटला. यंदा नारळी पौर्णिमेपासून मे अखेरपर्यंत फक्त जिताड्यामागे लागायचं मनात आहे. बरोबरचे म्हणतात, हंगाम फुकट जाईल, रिकाम्या हाताने घरी याल. करावं का?

करा. दोन वर्षं मिळेल ते गरवून झालं असेल, तर यापुढे शिकण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. पण ठरवताना क्रम बदला. तुम्ही मासा आधी ठरवला आहे आणि पाणी नंतर शोधणार आहात. आधी पाणी ठरवा. एक खाडी, तिचा मुखापासून आत जेमतेम चार-पाच किलोमीटरचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात बारा महिने कुठे ना कुठे असणारा मासा. जिताडा या कसोटीला उतरतो म्हणून माझं उत्तर हो आहे. तुम्ही सुरमई म्हणाला असतात तर मी नको म्हटलं असतं. सुरमई येते आणि जाते. तिच्यामागे हंगाम लावला तर निम्मे दिवस होडीची आणि वाऱ्याची वाट बघण्यात जातात, आणि त्या वाट बघण्यातून माशाबद्दल फारसं काही हाती लागत नाही.

एकाच माशामागे लागायचा फायदा काय, ते नीट समजून घ्या, म्हणजे मित्रांना उत्तर देता येईल. जे लागेल ते गरवणारा माणूस रिकामा परत आला तर त्या दिवसाने त्याला काही शिकवलेलं नसतं. आमिष चुकलं, जागा चुकली की वेळ, हे कळायला मार्ग नसतो, कारण तो कशाच्या शोधात होता हेच ठरलेलं नव्हतं. जिताड्यासाठी गेलेला माणूस रिकामा आला तर त्याच्याकडे निदान एक पक्की नोंद असते: अमुक तिथीला, ओहोटीच्या पहिल्या तासात, गढूळ पाण्यात, या खडकाच्या सावलीत जिताड्याने तोंड लावलं नाही. अशा नोंदी साठत गेल्या की जागा आपोआप गळत जातात आणि उरलेल्या जागांवर मासा सापडायला लागतो.

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या कार्पच्या बाबतीत हेच घडलं. एके काळी मोठा कार्प गळाला लागणं हा निव्वळ योगायोग मानला जायचा. रिचर्ड वॉकर या माणसाने 1952 साली रेडमायर नावाच्या लहानशा तळ्यात 44 पौंडांचा कार्प धरला आणि तो समज मोडला. एका माशाच्या सवयींचा त्याने चिकाटीने विचार केला होता. रॉड, मासा लागल्याची सूचना देणारं यंत्र, सगळं त्या एका कामासाठी घडवत आणलं होतं. मासा जिवंत ठेवून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दिला गेला. मला यातला आकडा महत्त्वाचा वाटत नाही. तळं लहान होतं आणि मासा एकाच जातीचा शोधायचा होता, हे महत्त्वाचं वाटतं.

आता जिताडा. मालवण-गोव्याकडे हाच चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामंडी. त्याचं आयुष्य खाडीच्या सगळ्या टोकांना शिवून जातं, आणि म्हणूनच त्याच्यामागे लागलं की खाडी शिकून होते. पावसाळ्याच्या तोंडाला मोठे मासे मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालायला उतरतात, कारण अंड्यांना आणि पिल्लांना सुरुवातीला खारं पाणीच लागतं. मग पिल्लं उधाणाच्या पाण्याबरोबर आत शिरतात, मचूळ डबक्यांत, खारफुटीत, खाजणात, भातखाचरांच्या कडेच्या चरांत. रायगडात अलिबाग-पेणच्या खारेपाटात लोक हीच पिल्लं धरून शेतातल्या तळ्यांत सोडतात आणि वाढवतात. बाकीची तिथेच वाढतात आणि मोठी झाली की पुन्हा खाडीत उतरतात.

आणि एक गोष्ट जी गरवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला हवी: जिताडा जन्माला येतो तेव्हा मादी नसतो. तीन-चार वर्षांचा झाला की तो नर म्हणून जननक्षम होतो आणि पुढे, साधारण सहा ते आठ वर्षांचा झाल्यावर, मादी होतो. लांबी तेव्हा साधारण 80 ते 100 सेंटिमीटरच्या मध्ये असते. म्हणजे मीटरभराचा जिताडा तुम्ही वर काढलात तर ती बहुतेक मादीच असणार. अशी एक मादी हंगामात कोट्यवधी अंडी घालते. एका लहान खाडीत अशा माद्या किती असणार? म्हणून माझी एकच अट आहे आणि ती मोडू नका. मोठा मासा फोटो काढून परत सोडायचा. खायला न्यायचाच असेल तर मधल्या मापाचा न्या. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडने खाडी-समुद्रातल्या बारामंडीला 120 सेंटिमीटरची वरची मर्यादा कायद्यानेच घातली आहे. त्याहून मोठा मासा ठेवता येत नाही. आपल्याकडे कायद्याची वाट न बघता गरवणाऱ्यांनी स्वतःहून ठरवावं असं मला मनापासून वाटतं, कारण जो माणूस हंगामभर एकाच माशामागे लागतो तो त्यात तरबेज होतो, आणि तरबेज माणूस एका लहान खाडीचं नुकसानही सहज करू शकतो.

तुमचा हंगाम कसा जाईल ते सांगतो. नारळी पौर्णिमेनंतर खाडीत अजून वरून गोडं पाणी येत असतं. रंग चहासारखा. या दिवसांत जिताडा शोधायची जागा म्हणजे उघाडी. खारबंदिस्तीच्या बांधाला जिथे झडपेचं दार असतं, गोव्यात ज्याला मानस म्हणतात, ती जागा. भरतीला दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी दाराला ढकलून बाहेर पडतं आणि त्याबरोबर आतली कोळंबी, लहान बोय, खरबी सगळं वाहत येतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात पूरमैदानांवरून ओसरणारं पाणी लहान ओढ्यांतून नदीत उतरतं तेव्हा त्या तोंडाशी बारामंडी उभा राहतो, आणि तिथले लोक मार्च ते मे या काळाची वर्षभर वाट बघतात. आपली उघाडी म्हणजे तेच तोंड, फक्त दगडी बांधातलं.

उघाडीवर गेलात की लगेच गळ टाकू नका. दार उघडतं तेव्हा पहिल्यांदा फेस आणि कचरा येतो. त्यानंतर पाण्याची एक जीभ खाडीत घुसताना दिसते, तिचा रंग वेगळा असतो, आणि जिभेच्या दोन्ही बाजूंना एक शिवण दिसते जिथे पळणारं आणि संथ पाणी घासतं. मासा जिभेत नसतो, तिथे उभं राहायला त्याला ताकद लागते. तो शिवणीच्या संथ बाजूला, तळाजवळ, तोंड प्रवाहाकडे करून असतो. कान देऊन ऐका. जिताडा कोळंबी ओढून घेतो तेव्हा तोंड आणि कल्ले एकदम उघडून मिटतात आणि ‘भुक्’ असा पोकळ आवाज येतो. एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही. आवाज कुठून आला ते बघा, त्याच्या वरच्या अंगाला, प्रवाह जिकडून येतो तिकडे तीन-चार मीटरवर टाका आणि आमिष वाहत त्याच्यापर्यंत जाऊ द्या.

एक काळजी: उघाडीवरची मासेमारी कुणाच्या तरी हक्काची असते. गोव्यात मानशीचा लिलाव होतो. आपल्याकडे गावाची किंवा तळेमालकाची परवानगी विचारा. विचारलेल्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही, न विचारलेल्याशी भांडण होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तुमचा मुख्य काळ. पाणी निवळतं, खारं वर सरकतं, मासा बांधावरून सुटून खाडीतल्या खडकांवर, खारफुटीच्या मुळांशी, जेटीच्या खांबांशी येतो. ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष, टाकायचे दिवस हेच. डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटेचं पाणी गार झालं की जिताडा मंदावतो, आणि इथेच बहुतेकांचा निश्चय मोडतो. मोडू देऊ नका, वेळ बदला. पहाट सोडा, दुपारची भरती घ्या, उन्हाने तापलेल्या उथळ चिखलावरून पाणी खोल डोहात परत येतं त्या कडेला बसा आणि ल्युअर निम्म्या वेगाने ओढा. मार्चपासून मासा पुन्हा जागा होतो आणि मेच्या शेवटाकडे मोठे मासे मुखाकडे सरकायला लागतात. तेव्हा सर्वांत मोठा मासा लागण्याची शक्यता असते आणि तेव्हाच तो सोडणं सर्वांत गरजेचं असतं.

पावसाळा सुरू झाला की थांबा. यांत्रिक होड्यांना 1 जूनपासून बंदी असते ती माशांच्या विणीसाठी आणि माणसांच्या जिवासाठी. काठावरून गरवणाऱ्याला बंदी लागू नसली तरी दोन्ही कारणं त्यालाही लागू आहेत. पावसाळ्यात मुखाजवळच्या खडकांवर उभं राहून गरवणं हा जिवाशी खेळ आहे. कितीही सराव असला तरी तिथे जाऊ नका.

भरती-ओहोटीचा हिशेब मोबाइलवर मिळतो, पण आजोबांची रीत शिका: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ही ढोबळ वेळ आहे. रत्नागिरी-मालवणला मुंबईच्या आधी भरती लागते आणि खाडीत जितकं आत जावं तितका उशीर होतो. तुमच्या पट्ट्यासाठी नेमका फरक किती, हे चार-दोन खेपांत स्वतः काढा आणि वहीत लिहून ठेवा. उधाणाच्या ऐन दिवशी पाणी फार गढूळ होतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, ते हलतच नाही. मला पंचमी-षष्ठीच्या आसपासचं पाणी आवडतं: धाव आहे, पण डोळ्यांना तळ थोडा दिसतो.

वहीबद्दल आग्रहाने सांगतो. तिथी, भरतीची वेळ, पाण्याचा रंग, पाणी गोडं की मचूळ की खारं, लहान बोय काठाला होती की मध्ये, तुम्ही कुठे उभे होतात, काय टाकलं. मासा न लागलेल्या दिवशी हे सगळं जास्त तपशिलाने लिहा. लागलेला मासा लक्षात राहतोच.

मित्रांच्या ‘रिकाम्या हाता’चं उत्तर सोपं आहे. फक्त जिताडा म्हणजे बाकी मासे नाकारणं नव्हे. कुठे, केव्हा आणि कशाने गरवायचं हे जिताड्याच्या हिशेबाने ठरवायचं, इतकंच. त्याच खडकावर, त्याच जिवंत कोळंबीला तांबोशी येणार, गोबरा येणार, मुखाकडे रावस येणार. त्यांना घरी न्या, आनंदाने खा. मात्र तांबोशी लागायला लागली म्हणून गळ लहान करून तिच्याच मागे दिवस घालवू नका. मोह तिथे होतो. आणि हेही लक्षात ठेवा की खाडीतली तांबोशी अजून पोरवयात असते, मोठी झाली की ती बाहेरच्या खडपांवर जाते. तेव्हा लहान दिसली तर परत टाका.

सुटलेल्या माशाबद्दल. तुम्ही रॉड उभा धरला असणार, बहुतेक जण तसंच करतात. जिताडा गळ लागताच वर येतो, पाण्याबाहेर डोकं झटकतो, आणि रॉडचं टोक उंच असेल तर दोरी त्याला वरच ओढते. टोक पाण्याजवळ, बाजूला आणा, दोरी ताणलेली ठेवा, म्हणजे तो उडी कमी मारतो आणि मारली तरी गळ निसटत नाही. ल्युअरबरोबर आलेले तिहेरी गळ कच्चे असतात, सरळ होतात. ते काढून दणकट एकेरी गळ लावा. सोडतानाही त्याने माशाचं तोंड कमी फाटतं. जिवंत आमिषाला सर्कल हुक, म्हणजे आत वळलेल्या टोकाचा गोल गळ, वापरा आणि झटका देऊ नका, नुसतं गुंडाळत जा, गळ स्वतःहून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा, 40 ते 60 पौंडांचा हवा. जिताड्याला तीक्ष्ण दात नसतात, पण त्याचं तोंड कानशीसारखं खरखरीत असतं आणि कल्ल्याची कडा पात्यासारखी धारदार. बाकी रॉड-रील तुमच्याकडे आहे ते चालेल. नवीन काही घेऊ नका.

त्याच धारेमुळे सोडताना हात सांभाळा. कल्ल्यात बोट घालू नका. खालचा जबडा पकडीने धरा, दुसरा ओला हात पोटाखाली द्या. नुसता जबड्याने लटकवला तर मोठ्या माशाचा मणका आणि जबडा दुखावतो, मग तो सोडून उपयोग नसतो. एप्रिल-मेच्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा मासा दमवत बसू नका, जाड दोरीने लवकर वर आणा. गळ पाण्यातच काढा, डोळ्यांवर ओलं फडकं टाका म्हणजे तो शांत राहतो. मग तोंड प्रवाहाकडे करून धरा. शेपटीचा जोर हाताला जाणवेपर्यंत सोडू नका.

कुणी करू नये, तेही सांगतो. पहिल्याच वर्षी करू नये. हात बसायला निरनिराळे मासे, निरनिराळे झटके लागतात. कणकेच्या गोळीला काळुंदर कशी कुरतडते हे ज्याने अनुभवलं नाही, त्याचं बोट अजून शिकलेलं नाही. वर्षातून गावी चार दिवस येणाऱ्याने करू नये, त्याने मिळेल ते गरवावं आणि मजेत राहावं. लहान मुलांना बरोबर नेत असाल तर त्यांच्यासाठी वेगळी हलकी दोरी ठेवा. मुलाला चार तासांत काही लागलं नाही तर ते पुन्हा येणार नाही.

घाटावरच्या वाचकांनी जिताड्याच्या जागी मरळ घ्यावा. तोही आपल्या तळ्यातून हलत नाही, हवा घ्यायला वर येतो म्हणून डोळ्यांनी शोधता येतो, आणि पाणवनस्पतींवरून ओढलेल्या बेडकासारख्या ल्युअरवर येतो तेव्हा गरवण्याचं सार्थक होतं. पण पावसाळ्यात पिल्लांचा तांबूस पुंजका पृष्ठभागावर फिरताना दिसला तर त्याखाली आईबाप पहाऱ्यावर असतात. तिथे गळ टाकणं म्हणजे सगळा पुंजका इतर माशांच्या तोंडी देणं. धरणात गरवण्याआधी त्याचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून घ्या. महसीरचा मोह मात्र आवरा. कावेरीतला कुबडा महसीर 2018 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि आपल्याकडे लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा कंपनीने महसीरची पैदास करून मासा पुन्हा पाण्यात सोडण्याचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. महाडजवळ वाळणकोंडीत लोकांनी देवाचे म्हणून जे मासे राखले तेही महसीरच. ज्याला सोडण्याची पद्धत पूर्ण अंगवळणी पडली आहे त्यानेच, परवानगी असलेल्या पाण्यात, तिकडे वळावं.

सुरुवात रॉड न घेता करा. नारळी पौर्णिमेच्या दोन दिवसांत भरती दुपारच्या सुमारास लागते, म्हणजे खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, उजेड असताना. त्या वेळी पाणी एरवीपेक्षा खूप खाली जातं आणि तुमच्या पट्ट्याचा तळ उघडा पडतो. चालत जा. बुडालेली झाडं, जुन्या बांधाचे दगड, चिखलातले चर, डोहाची कडा, सगळं वहीत काढा. कालवं फोडणाऱ्या आणि तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या मावश्या तिथे भेटतील. कालवांचे खडक कुठून कुठपर्यंत आहेत ते त्यांना विचारा, कारण दोरी तिथेच कापली जाणार आहे आणि जिताडाही तिथेच असणार आहे. पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला फक्त एवढंच विचारा की पागात लहान बोय सध्या कुठे पडते. नकाशा झाला की त्यावर पाच जागा निवडा, पाचपेक्षा जास्त नको, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत त्या पाचच जागांवर गळ टाका.